मधोमध झिजलेली पायरी

रविवारी दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दोघी स्टेशनावर उतरायचो.

स्टेशन स्लोव्हेनियातल्या एका लहानशा नदीकाठच्या गावाचं. आम्ही मात्र बसलेल्या असायचो पार दुसऱ्या खंडात, वॉलॉंगॉंगमधल्या एका वृद्धाश्रमाच्या जेवणाच्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाशी. माझ्या मांडीवर टॅबलेट. नकाशात रस्त्यांचे फोटो असतात ना, बोटाने सरकवलं की आपणच चालतोय असं वाटतं, ते लावलेले. मावशींचं बोट फार थरथरायचं. म्हणून बोट माझं आणि वाट त्यांची.

"डावीकडे," त्या म्हणायच्या. मी डावीकडे वळायचे.

"हळू. इथे पोस्टमन सायकल आडवी लावतो."

मी हळू जायचे. पोस्टमन जाऊन पन्नास-साठ वर्षं झाली असतील, पण वाट त्यांची होती.

मग चर्चचा मनोरा यायचा. मग बिअरचा कारखाना, त्याच्या चांदीसारख्या चमकणाऱ्या उंच टाक्या. त्या गावाची ओळखच बिअरची. टाक्या दिसल्या की मावशी नाक वर करून वास घ्यायच्या, आणि हॉलमध्ये वास असायचा उकडलेल्या भाज्यांचा आणि फिनाईलचा. मग पूल. पुलावर थांबायचंच, हा नियम होता. नदी बघायची, डोंगरावरचा किल्ला बघायचा, आणि पूल ओलांडून तिसऱ्या गल्लीपाशी यायचं.

तिथे वाट संपायची. फोटो काढणारी गाडी त्या गल्लीत शिरलीच नव्हती.

"पुढे," मावशी म्हणायच्या.

"पुढे जाता येत नाही, मावशी."

"का? रस्ता आहे की. दिसतोय मला."

"गाडी गेली नाही तिकडे."

"गाडी कशाला हवी? चालत जाऊ."

त्या गल्लीत सातवं घर त्यांचं. दर रविवारी मी त्यांना इतक्या लांबून न्यायचे आणि गल्लीच्या तोंडाशी उभी करून परत आणायचे.

मावशी माझ्या कोणी नव्हत्या. आम्ही वॉलॉंगॉंगला घर घेतलं तेव्हा त्या शेजारी होत्या, एवढंच. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून बोटीने आलेल्या. नवरा पोर्ट केम्ब्लाच्या स्टीलच्या कारखान्यात होता, तो वारला होता. एक मुलगा, तो पर्थला. त्यांचं आडनाव माझ्या जिभेवर नीट बसेना, म्हणून मी मावशी म्हणायला लागले. "काय अर्थ?" त्यांनी विचारलं. आईची बहीण, मी म्हटलं. "ठीक आहे. तुझ्या आईपेक्षा सुंदर असेन तर चालेल," म्हणाल्या.

ओळख चपलांवरून झाली. आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी, नवरा आणि मुलगी, तिघांनी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. मावशी त्या तीन जोडांकडे बघतच राहिल्या. या देशात त्यांचा अर्धा जन्म पाहुण्यांना "बूट काढा हो" सांगण्यात गेला होता, आणि पाहुणे बहुतेक "नो वरीज" म्हणून बुटांसकट गालिच्यावर. त्यांच्याकडे दाराशीच एक टोपली असायची. त्यात लोकरीचे विणलेले, घरात घालायचे जोडे. ते पाहुण्याने घालायचे, ही त्यांच्या गावाची रीत. त्या जोड्यांना मावशी चोपाते म्हणत. च आपल्या चुलीतला.

त्यांनी स्वतः वाकून माझ्या मुलीच्या पायात चोपाते घातले आणि म्हणाल्या, "अखेर या रस्त्यावर माणसं राहायला आली."

मग माझ्यासमोर बिअरचा ग्लास आला.

"मी घेत नाही," मी म्हटलं.

"आजारी आहेस?"

"नाही."

"दिवस गेलेत?"

"नाही हो."

"मग?"

आम्ही बौद्ध. पंचशीलातलं पाचवं शील दारूचं. माझ्या बापाने ते दर संध्याकाळी मोडलं आणि त्याचे वळ आईच्या पाठीवर होते. हे सगळं पहिल्याच भेटीत कसं सांगणार? मी नुसतं "आमच्यात चालत नाही" म्हटलं. त्यांनी ग्लास स्वतःकडे ओढला, मला पांढऱ्या फुलांचं कसलंसं सरबत दिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

आईला फोनवर सांगितलं, शेजारच्या बाईचे वडील बिअरच्या कारखान्यात होते, अख्खं गावच त्याच्यावर जगतं. आईच्या डोळ्यांपुढे आमच्या वस्तीतला गुत्ता आला असणार.

"बाई चांगली आहे ना?"

"खूप चांगली आहे."

"मग बाप असल्या धंद्यात कसा?"

"सरकारी कारखाना होता गं, आई. पर्मनंट होते."

"असं होय. मग ठीकाय."

पर्मनंट या शब्दापुढे आईचं काही चालायचं नाही. ती नांदेडला एका कॉलेजात रोजंदारीवर झाडलोट करायची. त्याच कॉलेजात मी शिकले. ज्या वर्गात मी बाकावर बसायचे तो तिने सकाळी झाडलेला असायचा. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी आजही कोणालाही मान वर करून सांगते. रिझल्टच्या दिवशी आई प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये पेढे घेऊन गेली तेव्हा केर काढायला नव्हे, बसायला गेली. खुर्चीवर बसली. पाच मिनिटं नुसती बसली आणि उठून आली.

तिला इकडे आणायचं ठरलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "तिथं चपला कुठं काढायच्या?"

"इथले लोक घरात घालूनच फिरतात."

"अन् मग झाडतं कोण?"

हे मी मावशींना सांगितलं, तर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "हिला लवकर आण." त्याच संध्याकाळी सुया घेऊन बसल्या. भावाने आईचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवला आणि फोटो पाठवला. मावशींनी तो मोठा करून बघितला. "लहान, पण रुंद. माझ्या आईचेही असेच होते." निळ्या लोकरीचे, जाड तळव्याचे चोपाते आठवड्याभरात तयार झाले आणि टोपलीत सगळ्यांत वर जाऊन बसले.

आईचा व्हिसा आला. तिकीट काढायचं होतं, तेवढ्यात करोना आला आणि सीमा बंद झाल्या.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण जास्त सांगता येत नाही. दुसऱ्या लाटेत आई दवाखान्यात गेली ती घरी आलीच नाही. तिथून परस्पर स्मशानात. भाऊ फोन हातात धरून ॲम्ब्युलन्सच्या मागे गेला. मी इथे किचनमध्ये उभी. फोनमध्ये रस्ता, धूळ, भावाचा श्वास, मग एक लोखंडी गेट. गेटवरच्या माणसाने हात आडवा केला. मी इथून ओरडत होते, "पुढे जा रे, पुढे जा." भाऊ म्हणाला, "ताई, सोडत नाहीत गं." गेट मात्र मला पूर्ण दिसलं. त्याचा रंग कुठे उडालाय, कुलूप कुठे लटकतंय, सगळं.

मावशी कुंपणाच्या दारातून आल्या, चपला बाहेर काढल्या, गॅस बंद केला आणि माझ्याजवळ बसल्या. निळे चोपाते त्यांनी नंतर आणून दिले. "तिचे आहेत," म्हणाल्या. मी ते कपाटात ठेवले.

त्यानंतर दोनेक वर्षांत मावशींचं विसरणं सुरू झालं. आधी चहात साखर दोनदा. मग रस्ता. एकदा आमच्याच गल्लीत हातात पर्स घेऊन उभ्या होत्या. माझी मुलगी धावत आली, "ममा, शी सेज शी वॉन्ट्स टू गो होम. बट शी इज होम!" मी त्यांना हाताला धरून त्यांच्या दाराशी नेलं. त्यांनी दार बघितलं आणि मान हलवली. घर म्हणजे हे नव्हे.

मुलगा पर्थहून आला. भला माणूस. माझ्या किचनमध्ये बसून रडला आणि आईला वृद्धाश्रमात ठेवून गेला. मी त्याला नावं ठेवणार नाही. माझी आई शेवटची कोणाच्या हातात होती, तेही मला माहीत नाही.

आश्रमात मावशींचं इंग्रजी रोज थोडं थोडं सांडत गेलं आणि मागे त्यांची भाषा उरत गेली. त्यातला मला कळणारा एकच शब्द होता, दोमोव. घरी. दिवसभर तोच. म्हणून, थोडंफार इंग्रजी उरलं होतं तोवरच, मी ते नकाशातलं चालणं सुरू केलं. नवरा म्हणाला, "तू एवढी शिकलेली बाई, अन् दर संडेला टॅबलेटवर गाव-गाव खेळतेस?" मी म्हटलं, "हो. तुला तुझ्या क्रिकेटच्या गेममध्ये कोण काय बोलतं?" पुढे तोच गाडीतून सोडायलाही यायला लागला.

मग कंपनीच्या कामासाठी मला ऑस्ट्रियाला जावं लागलं. काम संपवून मी एक दिवस मागून घेतला, ट्रेन पकडली आणि खरोखर त्या स्टेशनावर उतरले. हेतू एकच. गल्लीत शिरायचं आणि दारापर्यंतचा व्हिडिओ करून आणायचा.

त्या गावात अनोळखी काही नव्हतंच. स्टेशनाबाहेर पाय आपोआप डावीकडे वळले आणि पोस्टमनच्या सायकलच्या जागी हळू झाले. फक्त फोटोत जे नव्हतं ते सगळं आता होतं. थंडी होती, नदीचा आवाज होता, बेकरीतून येणारी ऊब होती. कारखान्याची टूर असते, तीही केली. मोठाली तांब्याची भांडी, वाफ, आणि एका खोलीत भिजवून भाजलेल्या जवाचा वास. मी तिथे थबकलेच. आई उन्हाळ्यात सातूच्या पिठासाठी धान्य भाजायची, तेव्हा घरात हाच वास असायचा. मी गुत्त्याच्या वासाची तयारी करून आत गेले होते. शेवटी गाईड मुलीने ग्लास पुढे केला. मी नको म्हटलं.

"ड्राइव्ह करणार आहात?"

"नाही."

"तब्येत बरी नाही?"

मला हसू आलं. गावाची पद्धतच दिसते.

स्टेशनापासून मी पुन्हा सुरुवात केली, या वेळी फोनचा कॅमेरा चालू ठेवून. मनात मावशींची चाल धरून चालले. चर्च, टाक्या, पुलावर थांबणं. मग तिसरी गल्ली, आणि मी आत शिरले. एवढ्या रविवारांनंतर एकदाची आत. एका बाजूला ओली भिंत, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. सातवं घर. दार नवं होतं, पांढरं, पण पायरी जुन्या दगडाची, मधोमध खोलगट झिजलेली. त्या पायरीबद्दल मावशी सांगायच्या, पाऊस आला की त्यात पाणी साठायचं आणि वडील कारखान्यातून आले की आधी त्यांचा बूट त्यात पचकन पडायचा, मग शिवी ऐकू यायची.

बेल वाजवली. एका हातात फोन, आणि वाकून दुसऱ्या हाताने मी बूट काढले. कोणी सांगितलं नव्हतं. दार म्हटलं की माझे हात आपले खाली जातात.

दार उघडायला लागलं आणि मी कॅमेरा बंद केला.

दुसऱ्याच्या घरात कॅमेरा चालू ठेवून शिरणं मला जमत नाही. आमच्या वस्तीत बाहेरून कॅमेरेवाले यायचे. निवडणूक आली की, पाणी शिरलं की. न विचारता आत. चूल, घासायची भांडी, दोरीवरचं आईचं फाटकं पातळ, सगळ्याचे फोटो. आई म्हणायची, "यांना यांचं घर नाही का बघायला?" त्यामुळे माझं बोट विचार करायच्या आधीच बटणावर गेलं.

दारात पन्नाशीची एक बाई होती. तिने आधी माझे मोजे बघितले, मग तोंड. गार पायरीवर मोज्यांनी उभी असलेली ही कोण, हे विचारायच्या आत तिने चोपाते आणून समोर ठेवले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणं झालं. मावशींच्या घरच्यांना ती ओळखत नव्हती, घर तिने दुसऱ्याच कोणाकडून घेतलं होतं. पण तिने मला आत नेलं. किचनमध्ये फरशा लावलेली मोठी शेगडी अजून होती, तिच्याभोवती बसायचा लाकडी ओटा, तोच, ज्याच्यावर लहानपणी मावशी थंडीत झोपायच्या. खिडकीतून नदी दिसत होती. तिने कॉफी दिली आणि अक्रोड भरलेली गोड पोळी कापून दिली. व्हिडिओ काढू का, हे तिला विचारायचं मला सुचलंच नाही. मी पाहुणी होते, पाहुण्यासारखी बसले, आणि निघाले.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मावशींना व्हिडिओ दाखवला. मी फार खुशीत होते, हे सांगायलाच हवं. नवऱ्याला म्हणाले होते, आज मावशींना घरी पोचवते बघ.

स्टेशन. "डावीकडे," त्या त्यांच्या भाषेत म्हणाल्या, वाटेचे एवढे शब्द आता मला कळायचे, आणि व्हिडिओ डावीकडे वळला. पुलावर पाण्याचा आवाज आला तशी त्यांनी माझं मनगट धरलं. तिसऱ्या गल्लीपाशी त्या म्हणाल्या, "पुढे," आणि आम्ही पुढे गेलो. त्यांची पकड घट्ट झाली. नवं दार त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पायरी दिसली आणि तोंडून एक बारीक आवाज निघाला. पडद्यावर माझा हात बूट काढत होता. मावशी खुर्चीत वाकल्या, पायातल्या बुटांचे चिकटपट्टे फाडफाड ओढले, दोन्ही बूट काढले, शेजारी शेजारी नीट लावून ठेवले आणि ताठ बसल्या.

पांढरं दार हललं. आत बोटभर अंधार दिसला. आणि व्हिडिओ थांबला.

मावशी वाट बघत राहिल्या.

"पुढे," त्या म्हणाल्या.

"संपलं, मावशी."

त्यांनी हाक मारली. त्यांच्या भाषेत, आईला. मग पुन्हा, मोठ्याने, दाराला ऐकू जावी अशी. हॉलमधली सगळी म्हातारी डोकी वळली. केअरर मुलगी धावत आली, "यू ऑलराइट, डार्ल?" मावशी माझ्याकडे वळल्या आणि बऱ्याच दिवसांनी इंग्रजीत बोलल्या, "कोणी घरी नाही." मग रडायला लागल्या. लहान मुलगी रडते तशा, तोंड उघडं टाकून. त्यांचे पाय गार फरशीवर उघडे होते आणि त्या बूट काही केल्या घालू देईनात. दारात कोणी बूट घालतं का?

पार्किंगमध्ये मी गाडी सुरू न करता बसून होते. रंग उडालेलं ते गेट समोर येत होतं. मी भावाला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"काय गं ताई?"

"काही नाही. चहा झाला का?"

"होतोय. तू रडतेस का?"

"नाही रे. त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले होते."

त्याने चहाचा गॅस बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मलाही जायचंच होतं की आत."

पुढच्या रविवारी मी कपाटातून आईचे निळे चोपाते काढले आणि सोबत नेले. नवरा म्हणाला, "पुन्हा दाखवू नको तो व्हिडिओ. का छळतेस?" पण मला ठाऊक होतं की मावशी त्या पायरीवर उभ्या आहेत. आठवडाभर उभ्याच असणार.

स्टेशन, चर्च, टाक्या, पूल, गल्ली. पायरीपाशी त्यांनी पुन्हा बूट काढले. मी खाली बसले आणि त्यांच्या पायांत चोपाते घातले. आईसाठी विणलेले, पण बरोबर बसले. दार हललं, व्हिडिओ थांबला. मावशींनी हाक मारायला तोंड उघडलं.

"आलीस का गं?" मी म्हटलं. "ये. तिथं काय उभी? आत ये."

मराठीतच. इंग्रजी त्यांना आता कळेनासं झालं होतं आणि त्यांची भाषा मला येत नव्हती. मी नांदेडहून पुण्याला शिकायला गेल्यावर सुट्टीत घरी आले की आई असंच म्हणायची, भाकरी थापता थापता, मागे वळून न बघता. मग मी बोलतच गेले. ही शेगडी, ऊब आहे बघ. ओट्यावर बस, पाय वर घे. खिडकीतून नदी दिसते. अक्रोडाची पोळी केलीय, तुझ्यापुरती ठेवली आहे. बाबा अजून आले नाहीत, येतील, पायरीत पाणी आहे, आता शिवी ऐकू येईल बघ.

मावशी ऐकत होत्या. हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. टॅबलेटचा पडदा काळा झाला तरी त्याच्याकडेच बघत होत्या. मग त्या त्यांच्या भाषेत पुष्कळ वेळ काहीतरी सांगत राहिल्या, मध्ये मध्ये थांबून, समोरच्याने हुंकार द्यावा म्हणून. मी हुंकार दिले. ते माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला कळत होतं. आपल्याला आईने "आलीस का गं" म्हणावं आणि आपण सगळं सांगत सुटावं, हे मला त्या वेळी इतकं हवंसं झालं की मी टेबलाची कड धरून बसले.

त्या खुर्चीतच झोपल्या. चोपाते मी काढले नाहीत. पुढच्या सगळ्या रविवारी ते त्यांच्या पायांतच असायचे.

थंडी संपता संपता मावशी गेल्या. आश्रमात आम्ही घरचे नव्हतो, त्यामुळे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. मुलगा येऊन सगळं उरकून गेला. जाताना त्याने त्यांच्या खोलीतल्या वस्तूंची एक पिशवी आमच्याकडे ठेवली. म्हणाला, "तुला यातलं काही हवं असेल तर घे. बाकी चॅरिटीला दे."

मी किचनच्या टेबलावर पिशवी उघडली. दोन स्वेटर, चष्मा, विणायच्या सुया, केसांचा ब्रश. तळाशी चिकटपट्ट्यांचे बूट होते, दोन्ही.

निळे चोपाते नव्हते. मी पिशवी उपडी करून पुन्हा एकदा बघितलं.